आपल्या पायांनी आलेली गाय

चैत्र संपत आला तरी नाल्याकाठच्या अर्जुनाच्या झाडांवरची गिधाडं खाली उतरेनात. ऊन तापलं की पंख पसरून उठायचं आणि मैदानावर घिरट्या घालायच्या, हा त्यांचा रोजचा रिवाज. आता ती फांद्यांवर बसूनच राहत. एकेकाची मान हळूहळू खाली येई, चोच छातीला लागे, मग छातीच्याही खाली जाऊन लोंबत राही. झोपली म्हणावं तर डोळे उघडे. चिंतामण झाडाखाली उभा राहून दगडावर सळई आपटायचा. एखादं डोकं कष्टाने वर यायचं, त्याच्याकडे बघायचं आणि पुन्हा खाली जायचं.

चिंतामण या मैदानाचा ठेकेदार. ठेकेदार म्हटलं की डोळ्यांसमोर जीप आणि काळा चष्मा येतो. याच्याकडे एक सायकल होती आणि दोन दुखरे गुडघे. इंदूरहून महूकडे जाताना राऊच्या अलीकडे सडक सोडून आत गेलं की पंचायतीची ही पडीक जमीन लागे. आसपासच्या गावांतली मेलेली ढोरं इथे आणून टाकत. कातडं काढणारे येऊन आपलं काम करून जात आणि बाकीचं सगळं गिधाडं करत. चांगली भरलेली म्हैस असली तरी दुपार कलायच्या आत स्वच्छ सांगाडा उरे. ती हाडं उन्हात वाळवायची, ढीग रचायचा, सरसाच्या कारखान्याचा ट्रक आला की भरून द्यायचा, एवढंच चिंतामणचं काम. लोक त्या जागेला हड्डीमैदान म्हणत आणि नाकाला रुमाल लावून पुढे जात.

त्याआधी त्याचं सगळं तारुण्य गिरणीत गेलं होतं, सूत कातायच्या खात्यात. धागा तुटू नये म्हणून त्या खात्यात हवेत सतत पाण्याचा फवारा असे. खालची फरशी ओली, वर उकाडा, आणि पाळीभर उभं राहायचं. गुडघ्यांत वात शिरला तो तिथेच. गिरणी बंद पडली तेव्हा गुडघे तेवढे घरी घेऊन आला, असं तो म्हणायचा. बंद म्हणजे एकदम बंदही नाही. आधी एक पाळी गेली, मग वीज गेली, मग दारावर कुलूप आलं, आणि तरी निम्मे लोक वर्षभर सकाळी डबा घेऊन दाराशी जाऊन बसत होते. चिंतामण बसला नाही. कोणाला नको असलेलं काम शोधलं तर ते मिळेल असा त्याने विचार केला आणि तसं ते मिळालं.

काम मिळालं आणि इंदुरात परदेशीपुऱ्यात राहत होते ती चाळ तुटली. शेजारच्यांनी काही वाईट बोलून दाखवलं नाही. फक्त त्याच्यासाठी चहा कागदी कपात यायला लागला आणि बायकोला, द्वारकाबाईला, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. बाई मानी. ती म्हणाली, इथे कप मोजत बसण्यापेक्षा तिथे पत्र्याखाली राहू. म्हणून दोघं मैदानाच्या कडेला खोली टाकून राहिली. मुलगी शलाका शहरात अन्नपूर्णेच्या देवळाजवळ एका औषधाच्या दुकानात कामाला होती आणि तिथेच मावशीकडे राहायची. अंगाला वास लागू नये, दुसरं काय. रविवारी यायची, येताना बापाच्या गुडघेदुखीच्या गोळ्या आणायची.

गोळ्यांच्याही आधी इंजेक्शन आलं होतं. ते आणलं शाम कंपाउंडरने. शाम मोटारसायकलवर गावोगाव फिरून ढोरांचं बघायचा आणि ढोरांचं झालं की माणसांचंही बघायचा. डॉक्टर म्हणा म्हटलं की लाजायचा, पण अडवायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात चिंतामणला अंथरुणातून उठता येईना, तेव्हा शामने त्याच्या कुल्ल्यात सुई टोचली. थोड्या वेळात चिंतामण उभा राहिला, चालला, पार नाल्यापर्यंत जाऊन आला. दुखणं कमी झालं होतं असं नाही, ते तिथे नव्हतंच. पाय दुसऱ्याचे लावल्यासारखे वाटले आणि त्याला जराशी भीतीही वाटली. शामने बॅगेतली ढोरांची बाटली काढून दाखवली. म्हणाला, "दवा एकच आहे, भिया. बाटली मोठी, सुई जाडी, बस. वाताला याच्यापुढे काही टिकत नाही."

हे औषध नवीनच सगळीकडे पसरलं होतं. बाजार मोकळा झाला, लहान लहान कारखाने निघाले आणि पूर्वी शहरातल्या डॉक्टरकडे मिळणारी चीज पानाच्या दुकानाशेजारी मिळायला लागली. लंगडणारा बैल सुई टोचली की संध्याकाळी गाडीला जुंपता येई. म्हशीचे सांधे सुजले, कास सुजली, टोच सुई. शामची मोटारसायकल जुनी होती, ती त्याने बदलली.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. गाय गळ्यात दावं असताना, खुंट्याला बांधलेली मेली, तर ते गोहत्येचं पाप. मग प्रायश्चित्त घ्या, गावात तोंड लपवा, जेवणावळी घाला. म्हणून गाय जायला आली असं दिसलं की लोक तिचं दावं सोडत आणि जीव असतानाच तिला मैदानावर आणून ठेवत. ती आपल्या पायांनी चालत आली तर फारच उत्तम. घरी जाऊन सांगता येई की गेली हो, आपल्या पायांनी गेली. पाप चुकवायच्या वाटा शोधण्यात माणसाची अक्कल कधी कमी पडली नाही. गायीला उन्हात दोन दिवस पडून राहावं लागे, ते मात्र कुठल्या पापात धरत नसत.

चिंतामणला ते बघवायचं नाही. पहिल्या वर्षी एक तांबडी गाय आली, पुढचे दोन्ही गुडघे सुजून लहान मडक्याएवढे झालेले. ती कण्हत होती आणि कावळे डोळ्यांपाशी उड्या मारत होते. चिंतामण तिच्याजवळ बसला. तिच्या गुडघ्यांकडे बघताना त्याचे स्वतःचे ठणकायला लागले. त्याने शामकडून बाटली आणि सुई मागून घेतली, टोचायचं कसं ते शिकून घेतलं. सुई गेल्यावर गायीचा श्वास सैल झाला, तिने मान लांब करून जमिनीवर टाकली आणि त्याचा हात चाटला. संध्याकाळी गेली, आवाज न करता. द्वारकाबाई म्हणाली, आपल्या हातून एवढं तरी पुण्य घडलं. तेव्हापासून जिवंत आलेलं एकही जनावर त्याने सुईशिवाय जाऊ दिलं नाही. द्वारकाबाई डोकं धरायची, तो टोचायचा. सकाळी गिधाडं उतरायची. जगात इतकी दया कोण कोणावर करतो, असं त्याला कधी कधी वाटे आणि त्या विचाराने बरं वाटे.

मग गिधाडं कमी व्हायला लागली. पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं नाही. आकाशभर असताना थोडी गेली तर कळतं कुठे. पण सांगाडा व्हायला दुपारच्या ऐवजी संध्याकाळ लागायला लागली, मग दुसरा दिवस लागायला लागला. मांस हाडांवर तसंच राहून काळं पडे, माश्या बसत, आणि तो वास सडकेपर्यंत जाई. कुत्री आली. आधी चार-दोन होती, मग टोळी झाली. त्यांना माणसाची भीती उरली नव्हती. द्वारकाबाई पाण्याला निघाली की ती वाटेत उभी राहत, गुरगुरत नसत, नुसती बघत.

वैशाखातल्या एका दुपारी वारा पूर्ण पडला होता. चिंतामण हाडं उलटीपालटी करत होता. मागे धप्प आवाज झाला, ओलं पोतं टाकल्यासारखा. झाडाखाली एक गिधाड पडलं होतं. तो जवळ गेला. ते उडालं नाही, सरकलंही नाही. इतकी वर्षं रोजची ओळख, पण कधी हाताच्या अंतरावर आलं नव्हतं. त्याने भीत भीत त्याच्या मानेला हात लावला. उघडी मान, लहान मुलासारखी गरम. पक्षी त्याच्याकडे बघत राहिला आणि बघता बघताच त्याचे डोळे निर्जीव झाले. चिंतामणने वर पाहिलं. फांद्यांवरची बाकीची लोंबत्या मानांनी तशीच बसली होती. आपल्यातला एक पडला, म्हणून एकानेही डोकं फिरवलं नव्हतं.

त्यानंतर ती पडतच गेली. कुत्री त्यांच्याजवळ जाईनात. चिंतामण फावड्याने खड्डा करून त्यांना पुरायचा. द्वारकाबाईने झाडाकडे बघायचं सोडलं. पाणी आणायला नाल्याच्या लांबच्या अंगाने जायला लागली. एकदा भाकरी थापता थापता ती सांगायला लागली की दुपारी तिला पंखांचा आवाज येतो, खूप सारे एकदम उतरावेत तसा, आणि बाहेर येऊन बघावं तर झाडावर सगळी आपल्या जागी बसलेली असतात.

चिंतामणने सांगितलं की कानात तसं होतं, गिरणी सुटल्यावर त्याच्याही कानात कित्येक दिवस चात्या फिरत होत्या. पण हे त्याने तिची समजूत घालायला सांगितलं. आवाज त्यालाही यायचा. हातातलं काम टाकून तो वर बघायचा, आणि वर पांढरं फटफटीत आकाश असायचं, त्यात काही नाही.

त्यात कॉलनी कटली. इंदुरात जमिनीचे प्लॉट पाडले की कॉलनी कटली म्हणतात. मैदानाच्या पलीकडच्या शेतांत चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या, कमान उभी राहिली, प्लॉट बघायला गाड्या येऊ लागल्या. गाडीतून उतरलेली माणसं वासाने परत गाडीत बसत. पंचायतीने चिंतामणला बोलावून घेतलं. बसायला सांगितलं नाही, गुडघे दुखतात हे माहीत असून. म्हणाले की तुझी गिधाडं कुठे गेली ते आम्हाला ठाऊक नाही, पण आषाढ लागायच्या आत मैदान पूर्वीसारखं साफ राहायला लागलं तर ठीक, नाहीतर ठेका बंद, मैदान बंद, खोली उचल. चिंतामणने हात जोडले आणि पक्षी परत येतील असं सांगितलं. कशाच्या भरवशावर सांगितलं ते त्यालाच कळलं नाही. या वयात, या पायांनी, या नावाने दुसरं काम कोण देणार होतं? चाळीत परत जायचं तर कुठल्या तोंडाने?

घरी येऊन त्याने उदबत्ती लावली आणि झाडासमोर धरली. द्वारकाबाई आत बसून होती, बाहेर आली नाही.

पुढच्या रविवारी शलाका आली. आल्या आल्या तिने नेहमीसारख्या गोळ्या काढून दिल्या नाहीत. आईला पाणी मागितलं, ओढणीने तोंड पुसलं आणि मग बोलायला लागली. दुकानात औषध कंपनीचा माणूस आला होता. ढोरांच्या दुखीचं हे औषध आता सरकार बंद करणार अशी चर्चा आहे, म्हणून बाटल्यांचा साठा करू नका असं तो मालकाला सांगत होता. ढोराला मरायच्या आधी एक-दोन दिवसांत सुई दिली असली की औषध त्याच्या मांसात राहतं. गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. पोटात, सांध्यांत चुना साचावा तसं पांढरं साचतं, मान टाकून बसतं आणि पडतं. सगळ्या देशात असंच चाललं आहे म्हणे.

"म्हणजे वातच की," द्वारकाबाई म्हणाली. "वात झाला त्यांना."

"तसंच समज," शलाका म्हणाली. "बाबा, तुम्ही जे टोचता ना गायींना, तेच आहे ते."

शलाकाला वाटलं बापाला समजलं नाही, म्हणून ती परत पहिल्यापासून सांगायला लागली. त्याने हात वर करून तिला थांबवलं. त्याला सगळं समजलं होतं. ती तांबडी गाय, तिच्यानंतरची पांढरी, ती एका शिंगाची, गवळ्याची म्हातारी म्हैस, प्रत्येकीचं डोकं द्वारकाबाईने धरलं होतं. प्रत्येकीतून त्याने दुखणं काढून घेतलं आणि ते कुठे गेलं याचा विचार केला नव्हता. ते कुठे जात नाही. ते झाडावर जाऊन बसलं होतं. त्याला आतून इतकी लाज वाटली की मुलीकडे बघवेना. तो उठून बाहेर गेला, बाटल्या काढल्या आणि पक्षी पुरले होते तिथेच खोल खड्ड्यात फोडून गाडल्या.

त्या दिवसापासून त्याने स्वतःच्या गोळ्याही, त्याच औषधाच्या, बंद केल्या. द्वारकाबाईने आधी समजावलं, मग भांडली. सकाळी तो भिंत धरून उठायचा, अर्धा उठून तसाच वाकलेला थांबायचा, आणि त्याच्या तोंडून निघणारा आवाज ऐकून ती चुलीपाशी पदर तोंडात धरायची.

"तुम्ही कशाला गोळी सोडली?" ती एकदा शेवटी म्हणाली. "तुम्हाला कोण गिधाड खायला येऊन राहिलंय?"

तो हसला नाही. स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत राहिला. म्हणाला, "इतक्या वर्षांचं आत साचलेलं असेल, द्वारके. निघून जाऊ दे."

दुखणं परत आलं ते सगळ्या सांध्यांत एकदम. त्याने एक काठी केली, मग दुसरी केली. दोन काठ्यांवर तो गावोगाव फिरला. जनावर इकडे पाठवायचं असेल तर शेवटचे दिवस सुई टोचू नका, असं हात जोडून सांगत सुटला. काही लोक ऐकून घ्यायचे. काही म्हणायचे, कालपर्यंत तूच टोचत होतास की. शाम कंपाउंडर चिडला. दुखणारं जनावर बघून मालक मलाच बोलावणार, मग मी काय नुसता हात फिरवू काय, असं त्याने विचारलं आणि मोटारसायकलला किक मारली.

मग जनावरं सुईशिवाय यायला लागली आणि सुईशिवाय मरायला लागली. एक कपिला गाय दिवसभर ओरडत होती. चिंतामण ओलं पोतं तिच्या अंगावर टाकून बसला, पाणी पाजत राहिला, कावळे हाकत राहिला. त्याच्या स्वतःच्या गुडघ्यांवर उन्हाचा चटका बसत होता. गाय ओरडली की तोही दात दाबून कण्हायचा, आणि दुरून ऐकणाऱ्याला कोण कोणता आवाज ते कळलं नसतं. द्वारकाबाईने कानांत बोळे घातले. गाय गेल्यावर दोन दिवस ती पडून होती. झाडावर तोवर एकही पक्षी उरला नव्हता. कुत्र्यांनी खाल्लं ते खाल्लं.

जेठ संपत आला. पंचायतीचा माणूस एकदा येऊन नाकाला रुमाल लावून खोली बघून गेला, पत्रे किती आहेत तेही बघून गेला.

अशात एका सकाळी मालोजीरावांची गाय आली. मालोजीराव महू रोडवरचे जुने जमीनदार. त्यांचे आजोबा होळकरांच्या कचेरीत होते हे ते पहिल्या भेटीतच सांगत. गाय पांढरी, थोराड, गळ्यात दावं नाही. गडी मागून नुसता चालत होता आणि गाय पुढे, संथ, जशी रोज चरायला निघावी. मालोजीराव स्वतः स्कूटरवर मागून आले. चिंतामण दोन काठ्यांवर सामोरा गेला आणि त्याने एकच विचारलं.

"रावसाहेब, सुई दिली आहे का?"

"अजिबात नाही," मालोजीराव म्हणाले. "म्हातारी झाली आहे, बस. देवाघरची वेळ आली. बघ ना, कशी आपल्या पायांनी आली."

त्यांनी गायीच्या कपाळाला हात लावून नमस्कार केला, डोळे पुसले आणि गेले. डोळे खरंच ओले होते. गाय मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. तिने आजूबाजूला बघितलं, पुढचे पाय दुमडले आणि बसली. कण्हणं नाही, धडपड नाही. चिंतामणला बरं वाटलं. सगळ्यांनाच असं मरण यावं, असं त्याच्या मनात आलं. दुपारच्या आधी तिने मान टाकली.

कातडं काढणारे आले आणि आपलं काम करून गेले. चिंतामण तेव्हा खोलीत पडला होता. पायांची हाडं कोणी पिळत असावं असा तो दिवस होता. डोळा लागतो न लागतो तोच त्याला पंखांचा आवाज आला. त्याने कूस बदलली. या आवाजाला आता तो फसत नव्हता. पण दाराच्या उजेडावरून एक सावली गेली, मग दुसरी गेली.

तो काठ्या न घेता बाहेर आला. महूच्या अंगाने आलेली गिधाडं वर घिरट्या घालत होती. सहा-सात असतील, खरी, माना पुढे काढलेली. एक गिधाड पाय लोंबते सोडून उतरलं, दोन उड्या मारून थांबलं. मग दुसरं उतरलं. चिंतामण दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळघळ पाणी वाहायला लागलं. त्याने द्वारकाबाईला हाक मारली. ती आली, तिने बघितलं आणि कितीतरी दिवसांनी त्या झाडाच्या दिशेने हात जोडले. पलीकडे कॉलनीच्या कमानीखाली प्लॉट विकणारा मुनीम गिऱ्हाइकांना बोट करून दाखवत होता. खोली राहणार होती. काम राहणार होतं.

जरा जवळून बघावं म्हणून चिंतामण पुढे सरकला. पहिलं गिधाड गायीच्या मागच्या मांडीवर चढलं होतं. त्याने चोच खुपसून जोर लावला आणि मांसाचा लांब पट्टा निघून आला. आतला खुबा उघडा पडला. चिंतामण थांबला. इतक्या वर्षांत त्याने हाडं सोडून दुसरं काय पाहिलं होतं? खुब्याचा गोळा वाटीतून निसटून बाहेर आला होता, आणि आजचा नाही, कधीचाच. भोवती सगळं सुजून काळंनिळं झालं होतं, हाडाची कड हाडावर घासून झिजली होती. असा पाय जमिनीला नुसता टेकवला तरी गायीने हंबरडा फोडला असता. आणि ही मालोजीरावांच्या गोठ्यापासून इथपर्यंत चालत आली होती. संथ. आपल्या पायांनी.

त्याला आपलं नाल्यापर्यंत जाऊन येणं आठवलं, शामने पहिल्यांदा सुई टोचली त्या दिवशीचं. आपले नसल्यासारखे ते पाय.

तो ओरडला. काय ओरडला ते द्वारकाबाईला कळलं नाही. ती म्हणत होती, अहो पडाल, आणि तो हात हवेत फिरवत धावत सुटला होता. धावणं कसलं, एक पाय टाकायचा आणि दुसरा ओढायचा. तो गायीच्या अंगावर जाऊन पडला. गिधाडं पंख फडफडवत बाजूला झाली. फार लांब गेली नाहीत. थोड्या अंतरावर रांगेने बसून त्याच्याकडे बघत राहिली. भुकेली होती बिचारी, कुठून कुठून आली होती.

त्याने ढेकळं उचलून मारायला सुरुवात केली. ती उठत आणि पुन्हा उतरत. द्वारकाबाई धापा टाकत आली आणि त्याचा हात धरून ओढायला लागली. तिला वाटलं याचं डोकं फिरलं.

"टोचलेली आहे," तो म्हणाला. "द्वारके, ही टोचलेली आहे."

तिने गायीकडे बघितलं, कमानीखाली उभ्या असलेल्या माणसांकडे बघितलं, मागे आपल्या पत्र्याच्या खोलीकडे बघितलं. मग तिने पदर खोचला, वाकून दोन्ही हातांत ढेकळं घेतली आणि गायीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

कॉलनीचा मुनीम चुन्याच्या रेघेपर्यंत चालत आला. तिथूनच ओरडून म्हणाला, काका, पागल झालात काय, इतक्या दिवसांनी आले तर हाकलता कशाला? गिऱ्हाइकं गाडीत बसून निघून गेली. दोघं म्हातारी ऊन उतरेपर्यंत गायीभोवती फिरत होती, ढेकळं संपली की शेण उचलत होती, शेण संपलं की नुसतेच हात वर करत होती.

शेवटी गिधाडं कंटाळली. एकेक करून उठली आणि वर चढली. चिंतामण गायीला टेकून बसला होता, उठायची ताकद उरली नव्हती. द्वारकाबाईने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं आणि विचारलं, उद्या येतील का हो परत?

"येऊ नयेत," तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

ती त्याच्याजवळ बसली. गिधाडं महूच्या टेकड्यांकडे निघाली होती. पहिलं उतरलेलं, ज्याने दोन-तीन घास गिळले होते, तेही त्यांच्यातच होतं आणि आता कोणतं ते ओळखू येत नव्हतं. टेकड्यांवर पोचल्यावर त्यांनी एक मोठी घिरटी घातली, मग एकामागून एक पलीकडे खाली उतरली. तिकडेही कोणाची तरी गाय पडली असावी.